रिकाम्या ऐरणीवरचा ठोका

त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर लोहाराच्या छपरातला आवाज बदलला. गावात कुणाच्या ते लक्षात आलं नाही, पण लोहाराच्या कानाला तो दिवसभर खुपायचा.

एकवीस वर्षं तो आवाज दोघांचा होता. लोहार ऐरणीपुढे बसायचा, डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात छोटी हातोडी. बायको समोर उभी राहून घण मारायची. तापलेल्या लोखंडावर त्याने हातोडी टेकवली की तिने नेमका तिथेच घण घालायचा. टक्, धण्. टक्, धण्. आणि हातोडी लोखंडावरून उचलून रिकाम्या ऐरणीवर एक ठोका मारला की बस, थांबायचं. हे सगळं न बोलता चालायचं. दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी चालायचं, कारण घण उचलल्यावर तोंड चालवायला दम कुणाकडे उरतो?

आता तो आवाज तिघांचा झाला होता. टक्, धण्, धण्. दुसरा धण् ताडाचा.

ताड हे काही त्याचं नाव नव्हे, पण सहा फुटांवर चार बोटं असलेल्या माणसाला गाव दुसरं काय म्हणणार? वय तीस-बत्तीस, लग्न नाही, मागेपुढे कुणी नाही. दगडाच्या खाणीतलं काम बंद पडलं म्हणून तो आला. त्याला ठेवून घेतलं ते लोहारानेच. शंभरभर फाळ टोकं काढायला येऊन पडले होते, कुदळी-विळे वेगळेच, आणि बायकोचा उजवा खांदा भरून यायला लागला होता. "तीन महिने ठेवू," असं लोहारच म्हणाला. आता आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला दिवसातून दहा वेळा वाटायचं.

ताड घण मारायचा तेव्हा त्याच्या पाठीचे स्नायू सदऱ्याखालून सरकताना दिसायचे. दिसायचे म्हणजे लोहाराला दिसायचे. बायको बघत होती की नाही हे बघण्यासाठी त्याला लोखंडावरची नजर काढावी लागायची, आणि मग हातोडी भलतीकडे पडायची.

"मिस्त्री, कुठं मारू?" ताड विचारायचा.

"दिसत नाही का? हातोडी कशाला आहे?"

"हातोडी सांडशीवर पडली, दादा."

बायको हसायची. मोठ्याने नाही, ओठ दाबून, पण हसायची. पूर्वी ती कामात हसायची का, हे लोहार आठवून आठवून थकला.

एका सकाळी त्याने पाहिलं की ताडाच्या घणाच्या दांड्याला मऊ फडकं गुंडाळलंय, वर सुतळीचे घट्ट वेढे. असे वेढे घालणारा हात घरात एकच होता.

"हे कुणी बांधलं?" त्याने विचारलं.

"मी," बायको म्हणाली. "हाताला फोड आलेत त्याच्या."

"खाणीत दहा वर्षं राबलेल्या माणसाला फोड?"

"दगड वेगळा, घण वेगळा. आले फोड. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं ते लोहाराला सांगता आलं नाही. त्याच्या हातोडीच्या दांड्याला कधीकाळी असंच फडकं होतं. ते कधी झिजून गेलं ते त्यालाही कळलं नव्हतं, आणि नवं बांध असं त्याने सांगितलंही नव्हतं. पण त्या दिवशी त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चहा आला तेव्हा ताडाचा पेला काठोकाठ आणि आपला बोटभर कमी आहे, हेही त्याने मोजून ठेवलं.

खरं दुखणं मात्र ताडाच्या आधीचं होतं. सहा महिने आधीचं.

लोहाराचं अंग अंथरुणात साथ देईनासं झालं होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा त्याने थकव्यावर ढकललं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा बायकोने नुसतं "काय झालं?" एवढंच विचारलं आणि तो तिच्यावर असा काही खेकसला की पुन्हा तिने विचारलं नाही. तिसऱ्या वेळेनंतर त्याने खाट उचलून छपरात नेली. "हत्यारं चोरीला जातात," म्हणाला. एकवीस वर्षांत चोरीला गेली नव्हती, आणि ऐरण उचलून न्यायची तर चार माणसं लागली असती. बायकोने खाटेवर चादर घालून दिली आणि आत जाऊन दार लावलं, आतून कडी न घालता. कडी घातली नाही हे त्याला माहीत होतं. तरी तो कधी ढकलून बघायला गेला नाही.

या सहा महिन्यांत त्याच्या कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. माठातलं पाणी त्याला पुरत नव्हतं. दर घटकेला उठून मागच्या भिंतीशी जावं लागायचं. पायाच्या तळव्यांना मुंग्या यायच्या. विडीचं एक बंडल संध्याकाळपर्यंत संपायचं. पण यातलं काहीच त्याच्या खिजगणतीत नव्हतं. मुलगी लग्न होऊन गेली, आपण पंचेचाळिशीला आलो, पुरुषपण आटलं, आणि बायको अजून घण उचलते, एवढाच त्याचा हिशेब. त्यात आता हा ताड.

आणि ते दोघं कुजबुजायला लागले होते. एकदा तो मागच्या भिंतीकडून परत येत होता, तर दोघं भात्याजवळ डोकी जवळ आणून बोलत होते. त्याला पाहताच ताड भाता ओढायला लागला आणि बायकोने विनाकारण कोळशाची पाटी उचलली.

"काय चाललं होतं?"

"काही नाही. बाजाराचं," बायको म्हणाली.

"बाजाराचं त्याच्याशी काय?"

"मग कुणाशी बोलू? तुम्ही बोलता का?"

बाजाराच्या दिवशी कोळसा बघून येतो म्हणून लोहार एकटाच निघाला. कोळशाच्या वखारीकडे तो गेलाच नाही. बाजाराच्या टोकाला एक बंद गाडी उभी असायची, तिच्या टपावर कर्णा आणि पुढे टेबलावर काचेच्या बाटल्यांत मुळ्या. कर्ण्यातून माणूस ओरडत होता ते ऐकून बायका वाट वाकडी करून जात होत्या आणि पुरुष चपला बघतोय असं दाखवत आसपास घोटाळत होते. लोहारानेही आधी बराच वेळ दोरखंडं पाहिली. मग गर्दी पांगल्यावर पुढे सरकला.

"बोला, पाहुणे. किती दिवसांचं आहे?" विकणाऱ्याने त्याचा चेहरा पाहूनच ओळखलं.

"माझं नाही. एका मित्राचं आहे."

"सगळ्यांचं मित्राचंच असतं." त्याने निळ्या कागदाची पुडी पुढे केली. "मित्राला सांगा, एक चिमूट, कोमट पाण्यातून. अर्ध्या तासात नवरदेव. शंभर टक्के झाडपाला, अपाय काही नाही."

पुडीवर ना नाव, ना गाव. लोहाराने ती घरी आणून कानशींच्या पेटीत, सगळ्यात खालच्या कानशीखाली ठेवली. त्या पेटीला त्याच्याशिवाय कुणी हात लावत नसे.

पहिली चिमूट त्याने एका दुपारी घेऊन पाहिली. कानशिलं गरम झाली, नाक चोंदलं. बाकी काही झालं नाही. होणार कसं? तो एकटाच खाटेवर आढ्याकडे बघत पडला होता आणि शेजारी सोबतीला फक्त ऐरण. पण त्याने लोहाराच्या डोक्याने विचार केला. लोखंड फार गार असलं तर एका तावात वाकत नाही. त्याला ताव जास्त द्यावा लागतो, भाता जोरात ओढावा लागतो. उभ्या आयुष्यात त्याने हेच केलं होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं. पुढच्या वेळी तीन चिमटी घ्यायच्या, त्याने ठरवलं.

चार दिवसांनी दुपारची जेवणं झाली. ताड रोजच्यासारखा कालव्यावर अंघोळीला गेला. तो तासभर यायचा नाही. बायको आत आडवी झाली होती. लोहाराने कानशींची पेटी उघडली, तीन चिमटी तोंडात टाकल्या, वर तांब्याभर पाणी प्यायला. चेहरा धुतला, केस विंचरले, आणि वाट बघत बसला. अर्धा तास झाला. कान तापले. छातीत धडधडायला लागलं. आता उठायचं आणि ते दार ढकलायचं. तो उठला.

तेवढ्यात दारात टेम्पो येऊन उभा राहिला.

"मिस्त्री! आहे का कुणी?" फळबागेचा म्हातारा मालक टेम्पोतून उतरत होता, हातात तीन पहारी. "विहिरीचं काम अडलंय. मजूर बसून आहेत. आत्ताच्या आत्ता टोकं काढून द्या."

"संध्याकाळी या."

"संध्याकाळी काय करू? अहो, दहा माणसं बसलीत!"

आवाजाने बायको बाहेर आली. तिने शेजारचं पोर पाठवून कालव्यावरून ताडाला बोलावलं, आणि तो ओल्या डोक्याने धावत आला. केसांतून पाणी गळत होतं. बायकोने दोरीवरचं कोरडं फडकं ओढून त्याच्याकडे फेकलं. "पूस आधी. घण निसटेल हातातून." ताडाने हवेतच झेललं आणि हसला.

लोहार हे सगळं बघत होता. कानशिलांत घणच पडत होते. आपण केस विंचरून बसलो आणि फडकं ह्याला, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने पहार भट्टीतून ओढून ऐरणीवर आदळली.

"चला!"

टक्, धण्, धण्. टक्, धण्, धण्. टोक निघालं. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण लोहाराने रिकाम्या ऐरणीवर ठोका दिला नाही. किती दम आहे बघू तरी या ताडात, त्याने ठरवलं. हात गळून पडेपर्यंत मारू दे. माझ्या बायकोसमोर घण टाकून धापा टाकत बसू दे. टक्. लोखंडाचा लाल रंग उतरला. टक्. ते मळकट झालं. टक्. काळं पडलं. काळ्या लोखंडावर घण मारायला लावणं म्हणजे लोहाराने स्वतःची अब्रू घालवणं, पण तो हातोडी टेकवतच राहिला.

"अहो, गार झालं," बायको म्हणाली. तिचा खांदा थरथरत होता.

टक्.

ताडाने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, मारत राहा अशी. त्या एका नजरेने लोहाराचं उरलंसुरलं भान गेलं. माझ्यासमोर हे दोघं डोळ्यांनी बोलतात! त्याने आणखी जोरात हातोडी आपटली. मग भट्टी एकदम लांब गेली. छातीवर कुणीतरी ऐरण ठेवावी तसं दडपण आलं. डोळ्यांपुढे काळोख आला, बोटं सैल पडली, आणि हातोडी निसटून रिकाम्या ऐरणीवर पडली.

टक्.

बायकोचा घण वर होता तो वरच राहिला. ताडाचा खाली येत होता. त्याने पूर्ण अंग पिळून तो बाजूला वळवला आणि घण वीतभर मातीत रुतला. जिथे तो पडायचा होता तिथून बोटभर अंतरावर, ऐरणीच्या कडेला, आता लोहाराचं कपाळ टेकलेलं होतं.

ड्रायव्हर टेम्पो दवाखान्याकडे पळवत होता तेव्हा मागच्या हौद्यात लोहाराला थोडी शुद्ध आली. डोकं बायकोच्या मांडीवर होतं. त्याचे पाय ताडाने आपल्या खांद्यावर उचलून धरले होते. खाणीत कुणी भोवळ येऊन पडलं की असंच करायचे, तो सांगत होता. सहा महिन्यांनी बायकोच्या मांडीवर डोकं आलं तर पायाशी हा, असं लोहाराच्या मनात त्याही अवस्थेत आलंच.

"छातीत दुखतंय का?" बागेच्या मालकाने वाकून विचारलं.

लोहाराने हो म्हणून मान हलवली.

"मग घाबरू नको. माझ्याकडे औषध आहे." म्हाताऱ्याने खिशातून छोटी डबी काढली. "जिभेखाली ठेवायची गोळी. मला हिनेच दोनदा वाचवलं. उघड तोंड."

"थांबा," बायको म्हणाली. "त्यांनी आधीच काहीतरी घेतलंय."

"काय घेतलंय रे?" म्हाताऱ्याने लोहाराला विचारलं.

लोहाराने बायकोकडे पाहिलं, मग ताडाकडे. ताडाचे डोळे त्याच्यावर होते. मेलो तरी चालेल पण याच्यासमोर नाही, एवढं एकच त्याला सुचलं.

"काही नाही घेतलं," तो म्हणाला आणि त्याने तोंड उघडलं.

म्हाताऱ्याची बोटं पुढे आली आणि बायकोने कोळशाने माखलेला आपला पंजा नवऱ्याच्या तोंडावर घट्ट दाबला. लोहार तिचा हात काढायला धडपडला, पण ज्या हाताने एकवीस वर्षं घण उचलला तो काय हलतो?

"पुडी घेतलीय यांनी," ती मोठ्याने म्हणाली. "बाजारातल्या गाडीवरची. पुरुषांची. एक काय ते आत असू दे, वर दुसरं नको. डॉक्टर सांगतील ते."

म्हाताऱ्याने गोळी परत डबीत टाकली आणि बाहेर बघायला लागला. ताडही बाहेर बघायला लागला. टेम्पोत सगळेच रस्ता बघत होते. लोहाराने डोळे मिटले. बायकोचा हात तोंडावर तसाच होता, आणि त्याला लोखंडाचा वास येत होता.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रक्तदाब पाहिला आणि नर्सला हाक मारली. सलाइन लागलं. छातीवर तारा चिकटवून पट्टी काढली. बोटाला टोचून रक्त घेतलं. बायकोने निघताना पेटीतून कमरेला खोचलेली निळी पुडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली, आणि वर जिभेखाली गोळी देणार होते तेही सांगितलं.

"बरं झालं आणलीत," बाई पुडीचा वास घेत म्हणाल्या. "झाडपाला म्हणून विकतात आणि आत गोळ्या कुटून घालतात. किती घालतात ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. याने रक्तदाब उतरतो. त्यावर जिभेखालची ती गोळी पडली असती तर तो इतका उतरला असता की हे इथे पोचलेही नसते. कुणी थांबवलं?"

"मीच," बायको म्हणाली.

"मग कुंकू तुम्हीच राखलंत म्हणायचं," नर्स मधेच बोलली आणि बाईंनी तिच्याकडे डोळे वटारले.

संध्याकाळपर्यंत छातीतलं दडपण गेलं. हृदयाची पट्टी ठीक होती. रक्तातली साखर मात्र तीनशे चाळीस निघाली.

"मला साखरेचा आजार? मी गोड खात नाही," लोहार म्हणाला.

"तहान? सारखी लघवी?"

लोहाराने चादर वर ओढून घेतली.

"मागच्या भिंतीशी मुंग्यांची रांग लागते," बायको म्हणाली. "दोन महिने झाले. मी राख टाकते, परत येतात."

लोहाराला वाटलं जमीन दुभंगावी. पण डॉक्टरीणबाईंना त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि सरळ विचारलं, "पुडी घ्यायची वेळ किती महिन्यांपूर्वी आली?"

"सहा... सात," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते?"

"पूर्वी असायची."

"आता नीट ऐका. यात पुरुषपण आटण्याचा काही संबंध नाही. त्या भागात रक्त भरलं तर ताठरता येते. साखर आणि विडी मिळून रक्ताच्या नळ्या खराब करतात, आणि तिथल्या नळ्या सगळ्यात बारीक, म्हणून त्या आधी कुरकुरतात. हृदयाच्या नळ्या मागाहून. कितीतरी माणसांना हे दुखणं आधी होतं आणि तीन-चार वर्षांनी छातीत कळ येते. तुमच्या अंगाने वेळेत हाक मारली आणि तुम्ही खाट उचलून छपरात गेलात."

हे कुणी सांगितलं? त्याने बायकोकडे पाहिलं. ती सलाइनचे थेंब मोजत होती.

"बरं होतं का?" त्याने विचारलं.

"बहुतेकांचं होतं. आधी साखर खाली. विडी बंद, कमी नाही, बंद. दिवसभर बसून काम करता ना? रोज अंग हलवायचं, घाम येईस्तोवर. दीड महिन्याने हृदय तपासू, मग गरज वाटली तर मी गोळी देईन, नाव लिहिलेली, मापाची. आणि मनात भीती असेल तर तीही काम बिघडवते, हे लक्षात ठेवा. एकदा फसलं की माणूस पुढच्या वेळी भीतच जातो."

बायको पाणी आणायला गेली. लोहाराने दाराबाहेर पाहिलं. बाकड्यावर ताड बसला होता, गुडघे हनुवटीला लागलेले.

"बाई," तो हळू म्हणाला, "गोळीने अंग येईल ताळ्यावर. पण तिचं मनच दुसरीकडे गेलं असेल तर?"

डॉक्टरीणबाईंनी दाराबाहेर पाहिलं. त्यांना कळलं असावं.

"त्याची गोळी माझ्याकडे नाही. तिला विचारा. पुडीवाल्याला नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला. ताड पहारी पोचवायला बागेवर गेला होता. भट्टी विझलेली होती. लोहार खाटेवर बसला आणि बायको ऐरणीवर, जिथे ती कधीच बसत नसे.

"पुडी तुला कशी सापडली?" त्याने विचारलं.

"शोधली म्हणून सापडली."

"माझी पेटी कशाला उघडलीस?"

"बाई शोधत होते."

"कुठली बाई?"

"ते मला काय माहीत!" ती एकदम उसळली. "सात महिने माणूस अंगाला हात लावत नाही. खाट बाहेर टाकतो. विचारलं तर खेकसतो. बाजाराला एकटा जातो, कोळसा न घेता परत येतो. कुणाही बाईला काय वाटेल? मला वाटलं, ठेवलीय कुणीतरी. गावातली एकेक बाई मी मनात मोजली. दळणाला गेले तरी मोजायचे. मग त्या ताडाच्या हातापाया पडले. म्हटलं, एवढा बाजारात यांच्या मागे जा आणि कुठल्या दाराशी थांबतात बघून ये."

लोहाराचं तोंड उघडंच राहिलं. "तो माझ्या मागे होता?"

"दिवसभर. त्या पायपिटीपायी त्याचा बाजार बुडाला म्हणून मी त्याच्या दांड्याला फडकं बांधून दिलं, तर तुम्ही त्यावरूनही चौकशी लावलीत."

"फडकं आधीचं. बाजार नंतर."

"बाजार दोन झाले. पहिल्याला तुम्ही नुसते दोरखंडं बघून परत आलात."

हे खरं होतं. पहिल्या बाजारी त्याला धीरच झाला नव्हता.

"परत येऊन तो म्हणाला, वहिनी, बाई नाही, दादा औषधाच्या गाडीशी उभे होते. म्हणून पेटी उघडली. पुडी बघून तर माझा जीवच गेला. म्हटलं, माझ्याकडे यायचं नाही आणि पुडी घेतात, म्हणजे घेतात कुणासाठी?" तिचा आवाज फाटला. "चार दिवस मी जळत होते. घण मारताना वाटायचं, घालावा एक यांच्याच डोक्यात."

म्हणजे ही माझ्यावर जळत होती. माझ्यावर! लोहाराला लाज वाटली, आणि लाजेच्या खालून, कुणाला सांगता येणार नाही असा, थोडा आनंद झाला.

"तुझ्यासाठीच घेतली होती," तो म्हणाला.

"ते काल कळलं. केस विंचरलेले होते तुमचे." ती उठली. "आज खाट आत घ्या. नुसती झोपायला. काही करून दाखवायचं नाही."

खाट आत आली. विडी सुटायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत तो सगळ्या गिऱ्हाइकांशी भांडला. सकाळी कालव्यापर्यंत चालत जायचा, साखरेची गोळी जेवणासोबत घ्यायचा. भिंतीजवळच्या मुंग्या आधी कमी झाल्या, मग यायच्या थांबल्या. बायकोने ते सगळ्यात आधी पाहिलं आणि त्याला बोलावून दाखवलं. दोघं त्या कोरड्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

दीड महिन्याने डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, दोघांना समोर बसवून. "भरल्या पोटी नको. तासभर आधी, एकच. तीन नाही. नुसती गिळून आढ्याकडे बघत पडलात तर काही होणार नाही, मन आणि माणूस दोन्ही लागतं. छातीत कळ आली तर ही घेतल्याचं आधी सांगायचं. चार तासांवर ताठरता राहिली तर लाज सोडून इथे यायचं. आणि मित्राला द्यायची नाही."

पहिल्या वेळी काही झालं नाही. लोहार भिंतीकडे वळला. बायकोने त्याला खांद्याला धरून परत आपल्याकडे वळवलं आणि इतकं काही बोलत बसली, मुलीच्या सासरचं, कोळशाच्या भावाचं, की तो गोळीचं विसरूनच गेला. दुसऱ्या वेळी विसरलेलंच बरं पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो भट्टी पेटवताना शीळ घालत होता. ताडाने भुवया वर केल्या आणि तो भाता ओढायला लागला. शहाणाच होता.

पण मत्सर काही साखरेच्या गोळीने उतरत नाही. ताडाच्या पेल्यातला चहा लोहार अजून डोळ्यांनी मोजायचाच.

पेरणी झाली आणि ताडाचे तीन महिनेही संपत आले. त्याला शेवटचे आठ दिवस राहिले असताना एका सकाळी घण उचलायला बायको पुढे आली आणि तिने खांदा धरला. लोहार ऐरणीपुढे बसलेला होता. तो उठला.

"तू बस," तो म्हणाला.

"कुठं?"

"इथं. माझ्या जागी. सांडशी धर. घण मी मारतो. बाईंनी सांगितलंय ना, अंग हलवायचं."

"मी? ऐरणीपुढं?" ती हसली. "बाई कुठं बसते का इथं? गाव काय म्हणेल?"

"एकवीस वर्षं लोखंड बघते आहेस. कुठं मारायचं ते तुला माझ्याहून जास्त कळतं."

ती बसली. त्याची हातोडी हातात घेऊन तिने दांडा चाचपला, तोंड वाकडं केलं, आणि डोक्याचं फडकं सोडून त्यातली एक पट्टी फाडून त्याला गुंडाळली. सुतळीचे घट्ट वेढे घातले. लोहार घण घेऊन उभा राहिला. ताड भात्याशी बसला. फाळ लाल होऊन आला.

टक्. लोहाराने घण उचलला, घातला. वीतभर चुकला.

टक्. पुन्हा चुकला. ताड भात्यामागे खोकला, की हसला कुणास ठाऊक. लोहाराने घण हवेतच ठेवून तिकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

रिकाम्या ऐरणीवर ठोका पडला. टक्.

तो थांबला.

"तिकडं काय बघता?" बायको म्हणाली. "इकडं बघा. माझ्या हाताकडं."

त्याने बघितलं. तिने हातोडी उचलून लाल लोखंडावर, नेमक्या जागी, हळूच टेकवली आणि वाट बघत राहिली.